किरकोळ खर्च

बुर्सात हप्ता दर महिन्याच्या सातला जातो.
पाच अक्षांचं यंत्र, जर्मनीहून आलेलं,
मी ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडलं
आणि सादेत्तिनला पॅकिंगला पाठवलं.
एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस
आता व्हॉल्व्हना पुठ्ठा गुंडाळतो.

सकाळचा माल सुईसारखा नेमका.
दुपारी तीननंतर बारा मायक्रॉनची चूक.
बारा मायक्रॉन मला दिसत नाहीत,
मला दिसतात परत आलेली खोकी.
तंत्रज्ञ आला, दोन दिवस राहिला,
सॉफ्टवेअर बदलून गेला.
तीन वाजले की पुन्हा तेच.

मग जुन्या नोंदी चाळताना माझंच अक्षर सापडलं:
'लेथ क्र. ४. रोज ३ ते ४.३० बंद. चहा. कामचुकारपणा?'
प्रश्नचिन्हही माझंच.

खाली गेले. विचारलं.
त्याने हातातला पुठ्ठा काही ठेवला नाही.
"तिथे पश्चिमेची खिडकी आहे, फेरिहा हानुम.
ऊन यंत्राच्या पाठीवर येतं. लोखंड फुगतं.
फुगलेल्या लोखंडाशी मी हुज्जत घालत नाही,
चहा पितो."

जाड पडदा लावला.
खोकी परत यायची थांबली.

बँकेने विचारलं,
नव्या यंत्रामुळे कामगिरीत वाढ किती?
मी आकडा लिहिला. आकडा खरा होता.
पडद्याचे नऊशे लिरा
किरकोळ खर्चात टाकले.

सादेत्तिनला अजून वर बोलावलेलं नाही.
तीनचा चहा मात्र
मीच खाली पाठवते.