डावा समास

दौलतगंजातली पतपेढी, मार्चअखेर, दुपारचे तीन.
चौदा वर्षांचा डॉट मॅट्रिक्स
नव्या लिनक्सच्या गळ्यात मारलेला.
सिरियल पोर्ट सापडला, वेग नऊ हजार सहाशे,
परवानगीही दिली. पहिला कागद निघाला तो असा:

सुलोचना आंग्रे
              वामन शितोळे
                         भालचंद्र फा

पुढचे सभासद रुळाच्या काळ्या रबरावर.
"मॅडम, ये तो सीढी बन गई," रामसेवक म्हणाला.

यंत्राचा दोष नाही.
ओळ संपली की खाली उतरायचं, एवढंच त्याला कळतं.
परत डावीकडे जायचं
हे वेगळं सांगावं लागतं.

फाळकेकाका चष्मा पुसत वाकले.
"आमचंही तेच. साताऱ्याहून निघालो,
लष्करात उतरलो, मग पाच पिढ्या..."
आणि स्वतःचं अर्धं नाव बघत राहिले.

मी पाच अक्षरं टाइप केली, एंटर मारलं.
डोकं खरखरत गेलं, परत आलं,
गेलं, परत आलं.
एकशे बारा नावं, एकाखाली एक,
फाळकेसुद्धा पूर्ण.

काकांनी मात्र तो बिघडलेलाच कागद
घडी घालून खिशात टाकला.
मी पाहिलं तेव्हा म्हणाले,
"मागची बाजू कोरी आहे."