विनापावती

एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेत परिचर,
सक्करदऱ्याच्या या शाळेत.
परीक्षानळ्या धुतो, स्पिरिटचे दिवे भरतो,
उंदरांपासून जर्नलं वाचवतो.
दहावीच्या पोरांना दरसाल एकच जादू आवडते:
चंचुपात्रात धुण्याच्या सोड्याचं पाणी, साधं, नितळ,
त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब
आणि अख्खा वर्ग म्हणतो, अबब!

हे माझं एक काम.
दुसरं एप्रिलात निघतं.
ऑफिसात कुलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास,
ठवकर बाबू खुर्चीतून न उठता विचारतात,
"विकास निधीचं समजलं ना, ताई?"
समजतं. सगळ्यांना समजतं.
पाकीट मग माझ्या डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली,
आणि संध्याकाळी मानेवाड्याला, सचिवांच्या बंगल्यावर.
मी कधी मोजले नाहीत.
न मोजणं यालाच प्रामाणिकपणा म्हणत आलो.

यंदा गिरजा कोहाड आली.
नंदनवनात चार घरच्या पोळ्या करते.
पोरीचं नाव आरटीईच्या सोडतीत लागलेलं,
मोबाईलवरचा मेसेज तिनं तीनदा दाखवला.
बाबू म्हणाले, सीट फुकट आहे, इमारत फुकट नाही.
बारा हजार.
"देतो न बाप्पा," ती म्हणाली, "पावती द्या न मंग."
तेवढ्यात लाईन गेली, कुलर थांबला.
पावती हा शब्द त्या खोलीत
इतक्या मोठ्यानं मी कधी ऐकला नव्हता.

बाहेर नळावर ती ओंजळीनं पाणी पीत होती.
मी बाटल्या घेऊन बसलेलो.
तिनं काही विचारलं नाही, मीच बोललो:
"एक शून्य सहा चार. लाचलुचपतवाल्यांचा नंबर.
पैसे लागत नाहीत."
तिनं तोंड पुसलं.
"तुम्ही काऊन नाही लावला आजवर?"
नळ वाहत होता.
मी तो बंद केला.

मंगळवारी आली. डोक्याला, तोंडाला दुपट्टा;
चव्वेचाळीस डिग्रीत अख्खं नागपूर तसंच फिरतं.
सोबत दोन माणसं, पोरीचे मामा म्हणे.
नोटा बाबूंनी थुंकी लावून मोजल्या, दोनदा,
ड्रॉवरमध्ये सरकवल्या.
गिरजानं दुपट्टा सोडला.
बघणाऱ्याला वाटावं, बाईला गरम झालं.

कोणी ओरडलं नाही.
मामांतल्या एकानं ग्लासात पाणी ओतलं, साधं, नितळ,
आणि म्हणाला, बोटं बुडवा.
शाळेच्या माणसांत मला एकट्याला ठाऊक होतं
आता काय होणार.
तरी श्वास अडकला, दहावीच्या पोरासारखा.

गुलाबी.
धुळवडीनंतर कॉलरवर राहून जातो ना, तसला.
जिभेलाही लागलं असेल, मला उगाच वाटलं.
बाबू त्या ग्लासाकडे नाही,
माझ्याकडे बघत राहिले.

घरी येऊन मी माझे हात पाहिले.
कोरडे, सोड्यानं भेगाळलेले.
बुडवले असते तर काही झालं नसतं,
माझ्या भाकरीखालच्या नोटांना पावडर नव्हती.
रात्री मीही तोच नंबर लावला.
पलीकडच्या बाईनं नाव विचारलं.
सांगितलं, बापाच्या नावासकट: मोतीराम नत्थूजी हेडाऊ.
"तक्रार कोणाविरुद्ध?"
सचिवांचं नाव घेतलं. मग म्हटलं, थांबा,
त्याच्या वर माझं लिहा.

जबाब अजून संपलेले नाहीत.
स्टाफरूममध्ये माझा चहा येणं बंद झालंय.
नोकरीचं काय होईल ते होईल,
बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी
भाकरी बांधून देताना पिशवी झटकून बघितली.

गिरजाच्या पोरीचा प्रवेश झाला.
नव्या बाबूनं तिला खरंच पावती फाडून दिली,
तिनं मागितली म्हणून.
प्लास्टिकच्या पिशवीत घालून
ती मला दाखवायला प्रयोगशाळेपर्यंत आली.
नाव, इयत्ता, तारीख,
रक्कम रुपये शून्य फक्त.
खाली सही. शिक्का थोडा तिरपा.