कडी

मशीन रात्रभर चाललं.
सकाळी साकीनाक्याच्या गाळ्यात
काचेवर पडलेली होती कडी, राखाडी,
कोयंड्यासकट वजन एकतीस ग्रॅम.
अंगभर रेघा, नख फिरवलं तर
कंगव्यासारख्या वाजणाऱ्या.

शर्वाणीचा मेसेज होता :
दार जुनं, सागवानी. कडी लोखंडी.
साठेक वर्षं वापरातली. शुक्रवारी मढला, सेटवर.
दार म्हणजे प्लायवूड
हे तिने लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

आधी एकशेवीसचा कागद, मग दोनशेवीस,
मग चारशेचा, पाण्यात बुडवून.
पुट्टी. पुन्हा कागद.
चहावर साय धरावी तशी धूळ.
मग प्रायमर, मग काळा,
आणि काळ्यावर शिसपेन्सिलीची पूड
अंगठ्याने चोळत बसायचं.
अंगठा आधी लोखंडाचा होतो,
कडी नंतर.

दाराकडे इद्रिसभाई.
ओशिवऱ्याला तीस वर्षं पॉलिश मारलेलं,
नखांत अजून चपडा.
माझ्या ब्रशच्या सरळ रेघा बघून म्हणाले,
"लाकूड रेघ मारत नाही, पोरा. लाकूड वाढतं.
गाठ आली की वळसा घालतं,
आपण नाही का, गटार खणलेलं असलं की."
मग तुटक्या दातांचा कंगवा
ओल्या रंगातून ओढला,
एका जागी मनगट आवळलं, रेघा दाटल्या,
आणि प्लायवूडला
दुष्काळाचं एक वर्ष मिळालं.

माझ्याकडे राहिली साठ वर्षं.

नवं लोखंड खोटं दिसतं.
खरं दिसायला
कुणीतरी हात लावलेला असावा लागतो.
म्हणून मी बघत फिरतो :
विद्याविहारच्या पुलाचा कठडा वळणावरच गुळगुळीत,
मध्ये कुणी धरत नाही.
आमच्या डॉक्टरांच्या लिफ्टची जाळी
फक्त वीतभर चमकते,
बाकी सगळी ऑइलपेंटची, हिरवी.

तर कडीपुढे बसलो आणि ठरवलं :
घरातली बाई बुटकी.
टाचा उचलून कडी काढायची,
म्हणून चमक खालच्या कडेला.
डावखुरी, म्हणून जरा डावीकडे.
नवरा रात्रपाळीचा. पहाटे कडी वाजवायचा,
जोरात, शेजारी उठेपर्यंत.
म्हणून दारावर एक खळगा, चवली मावेल एवढा.
मुलगी एकच. तिने एकदा
कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून तेल सोडलं.
त्याचा ओघळ, काळपट, बोटभर.
ती कुठे गेली ते मी ठरवलं नाही.
गंज मात्र कोयंड्यातच,
जिथे शेवटची काही वर्षं
कुलूप लटकत राहिलं.

(गंज म्हणजे चहाची पूड, डिंक आणि
दोन प्रकारचे तपकिरी.)

वजनाला पोकळीत छर्रे भरले,
सायकलवाल्याकडचे. तरी ती
हाताला गार लागत नव्हती.
त्याला माझ्याकडे इलाज नाही.

शुक्रवारी शर्वाणीने लांबून पाहिलं, मान हलवली,
तिच्याकडून एवढंच मिळतं.
नटी उंच होती.
तिने कडी वरून धरली, उजव्या हाताने,
पाच टेक, पाचही वेळा उजव्या हाताने,
आणि माझी बुटकी बाई
प्लायवूडमागे उभी राहिली असेल.

कडी वाजली नाही.
"आवाज नंतर घालतात," साउंडवाला म्हणाला,
"माझ्याकडे खरी आहे. कुर्ल्याच्या भंगारातली."
बघू, म्हटलं.
त्याने पिशवीतून काढली. जड. गार.
सगळीकडे सारखाच गंज,
चमक कुठेच नाही,
मी केली असती तर कुणी पैसे दिले नसते.

गप्पा चालल्या होत्या. मी सवयीने
अंगठा खालच्या कडेला नेला, जरा डावीकडे,
आणि चोळत राहिलो.

पॅकअपला त्याने ती परत मागितली.
कोमट झाली होती.