डावी बाजू

वजन सोळा किलो. रिक्षावाल्यानं उचलून काउंटरवर आदळलं
तेव्हा स्टॅबिलायझरची रांग बोटभर मागं सरली.
अब्बांचा आहे, नुसरतबाजी म्हणाल्या,
ब्याऐंशी साली कुवेतहून आणलेला. डावीकडनं आवाज नाही.
कधीपासून?
त्यांनी ओढणीच्या टोकानं डायलची काच पुसली.
मला आठवतं तेव्हापासून.

असलं जपानी धूड आता कोण आणतंय?
माझ्याकडं येतात इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर,
कुलरचे पंप, आणि मे महिन्यात पुन्हा कुलरचे पंप.
म्हणलं, बघतो. पार्ट मिळाले तर मिळाले.
त्या हसल्या: बनी तो बनी, नहीं तो...
पुढचं गावाचं नाव दोघांनीही गिळलं.

रात्री शटर अर्धं ओढून झाकण काढलं.
आत काळ्या रानाची मऊ धूळ,
पालीची दोन अंडी, फुटलेली,
आणि एक शिवणाची सुई, ती कशी गेली देव जाणे.
झाडत गेलो तसा हिरवा बोर्ड वर आला
काडीकचरा वेचलेल्या वावरासारखा.

सरळ वीज द्यायची नाही, हे भुजंग मास्तरांचं.
मधे शंभराचा बल्ब, सिरीजमधे.
भक्कन पेटला तर आत शॉर्ट, हात मागं.
लाल होऊन विझत गेला तर समजायचं
म्हातारं श्वास घ्यायलंय.
विझत गेला.

फुगलेले कपॅसिटर काढले, एकोणीस.
डायलचा दोरा कुजलेला. गंगाखेडच्या भोयाकडनं
मासे धरायचा तंगूस आणून ओवला,
दोनदा घसरला, तिसऱ्यांदा काटा चालू लागला.

डाव्या बाजूचा दोष मात्र सापडेना.
उजवीकडं ट्रान्झिस्टरखाली बोर्ड करपून तपकिरी,
डावीकडं सगळं काल पेटीतून काढल्यासारखं.
तीन रात्री मी नसलेला रोग शोधत होतो.
मग मागची वायर बघताना दिसलं:
डाव्या टर्मिनलात तांब्याचा एक तंतू, हिरवा पडलेला,
कात्रीनं कापलेला.
आणि पुढं बॅलन्सचं बटण उजव्या टोकाला, जाम.

फोन केला. बाजी, दुसरा स्पीकर कुठंय?
बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता.
अफसरचाचांकडं. वाटणीत गेला.
गल्लीकडची खोली, शिलाई मशीन, देग,
आणि एकाला एक स्पीकर.
चाचीनं त्यावर रांजण ठेवला.
अब्बा रेकॉर्ड लावायचे तेव्हा बाई गायची, तबला वाजायचा,
सारंगी यायचीच नाही.
अब्बा म्हणायचे, सारंगी भिंतीपलीकडं वाजते.
आम्हाला वाटायचं, गंमत करतात.

कार्बनची पट्टी एकाच जागी झिजलेली.
क्लीनर मारला, वाट बघितली, पुन्हा मारला,
बटण चिमट्यात धरून तसूतसूनं आणलं.
मधोमध एक बारीक खाच असते,
बोटाला कळते, कानाला नाही.
तिथं थांबलो.

दुकानातले दोन न जुळणारे डबे जोडून
परभणी केंद्र लावलं. मोंढ्यातले भाव चालले होते,
सोयाबीन, तूर, हरभरा.
भाव दोन्हीकडनं सारखेच येतात,
सारंगीसाठी रेकॉर्ड लागते. ती माझ्याकडं नव्हती.

बिलात लिहिलं: कपॅसिटर एकोणीस, दोरा, सफाई.
डाव्या बाजूपुढं नुसती रेघ.
नुसरतबाजींनी पैसे मोजले, पावती दोनदा वाचली,
रिक्षात चढता चढता वळल्या:
ते बटण होतं तिथंच फिरवून द्या ना.

आता मोकळं आहे, बाजी, म्हणलं.
कुणाच्याही हातानं फिरतं.