सातशे किलो

काचेची टाकी : लांबी पाच फूट, रुंदी दोन, उंची दोन.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी गुणाकार मांडला.
पाणी साडेपाचशे लिटर, काच नव्वद किलो,
वाळू, दगड... सातशेच्या आसपास जातंय, म्हणालो.
इराप्पा सुताराने पेन्सिल कानावर खोचली.
"सातशे किलो मासे?"
मासे पावशेर. बाकी पाणीच.

मी आणलेले स्क्रू बघून तो चिडला.
"ह्याच्यावर वजन टांगणार? स्क्रू नुसता हात धरतो.
वजन लाकडानं लाकडाला द्यायचं,
लाकडानं फरशीला, फरशीनं जमिनीला.
मधे कुणी उधारी ठेवायची नाही."

म्हणून सहा पाय, तीन इंची साग,
आडवी लाकडं थेट पायांच्या डोक्यावर बसवलेली,
वर जाड प्लाय, मागे दोन तिरप्या पट्ट्या.
त्या कशाला, विचारलं,
तर त्याने पट्ट्या ठोकण्याआधीची चौकट
एका बोटाने ढकलून दाखवली.
नंदीबैलासारखी मान हलवली तिने.

साखर पेठेत आमच्या भिंतीपलीकडे गाजूलांचे आठ यंत्रमाग.
सकाळी आठला सुरू झाले की
मांडणीतल्या कपबश्या बोलायला लागतात.
हा थरथराट इराप्पाने हिशेबात धरला होता, मी नाही.

पाणी भरण्याआधी माणसं भरू, तो म्हणाला.
पंखा बंद केला. प्लायवर ज्वारीची चार पोती आडवी,
पोत्यांवर आठ जण, दोन रांगांत, एकमेकांच्या कमरेला धरून :
गाजूलांचे दोन कामगार, अंबूबाई येमूल,
त्यांचे दोघे जावई, आमची पद्मजा, मी,
आणि रशीद बागवान, ज्याचं तोंड बंद नव्हतं :
"काय करलालास बे, मासे पाळलालास का हत्ती?"
हसलो तेव्हा पोतीसुद्धा हलली.
अनसूया चढली नाही.
कुणीतरी खाली पाहिजे, म्हणाली,
आणि फरशीवर बसून ओळंब्याच्या दोऱ्याकडे बघत राहिली.
"उतरा आता," बऱ्याच वेळाने म्हणाली. "नाही हलला."

नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडे.
पिण्याचं, धुण्याचं भरून जे उरेल ते टाकीत.
टाकी भरायला तीन आठवडे गेले,
आणि तेवढे दिवस मी शेजारी कुणाशी
पाण्याविषयी बोललो नाही.

आता एप्रिल. दुपारी लाइट जाते.
माग एकदम थांबतात
आणि पाण्यावरची बारीक सुरकुती, दिवसभराची,
पुसल्यासारखी नाहीशी होते.
हवेचा पंपही थांबलेला असतो.
थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडं उघडतात.
मी स्टुलावर उभा राहून तांब्या बुडवतो,
वितभर उंचावरून पाणी परत सोडतो,
पुन्हा बुडवतो.
हात भरून येतो. मग अनसूया उठते, तांब्या घेते.
खालच्या सहा पायांकडे
आता कुणी बघतही नाही.