हवेला वाट

आज फर्नेसचं लायनिंग, म्हणून मी घरी.
भाग्या वही घेऊन समोर बसली :
पप्पा, कॉलेजात प्रोजेक्ट दिलाय,
आर्थिक आणि राजकीय सुधारणा.
सामान्य कामगाराचं मत पाहिजे.

सामान्य म्हटल्यावर मी शर्ट घातला.
म्हटलं, लिही.

चोवीस वर्षं उद्यमबागेत वाळू ठोकतो.
पॅटर्न आमचा नव्हं. तो पुण्याहून येतोय, पेटीत,
वर बाण काढलेला : ही बाजू वर.
त्याच्याभोवती वाळू भरायची,
मुठीत दाबली तर बोटांचे ठसे राहतील
इतकीच ओली. ठोकायची. पॅटर्न उचलायचा.
राहतोय तो खड्डा.
त्या खड्ड्याचा पगार मला.

सुधारणा म्हणजे काय, मला काय की.
पण लेडल कलंडून वरनं ओततात, ते बघितलंय.
वाळूला कोण विचारत नाही. नको विचारू दे.
पण आधी सायकलच्या तारेनं
साच्याला बारीक भोकं पाडावी लागतात,
आतली वाफ जायला.
त्याला व्हेंट म्हणतात.
नाही पाडली, तर माल वरनं गुळगुळीत,
गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढला की आतनं पोकळ.
रिजेक्शन.
आणि कापतात कुणाचं? लिही, आमचंच.

कायदे बदलले तेव्हा व्हेंट कुणी मारलं?
ठेकेदार बदलला : तोच, आता मेव्हण्याच्या नावावर.
इराप्पा मगदूम सतरा वर्षं कामाला,
कागदावर अकरा महिन्यांचा.
त्याचा पीएफ तीन नंबरांवर :
एकात मगदूम, एकात मुगदम,
एकात नुसताच इराप्पा एम.
खिडकीतला म्हणतोय, नाळे बा. उद्या ये.
पूर्वी दारावर खडूनं तेच लिहायचे म्हणे,
भूत वाचायचं, परत जायचं,
उद्या यायचं, परत वाचायचं.
ह्या भुताचा मात्र प्रत्येक खेपेला
एक दिवसाचा पगार बुडतोय.

थांब, पहिलं सगळं बरं होतं असंही लिहू नको.
पहिला मालक शनिवारी शिव्या देत देत
हातावर पैसे टेकवायचा,
आणि बोट गेलं की नारळ.
आता पैसे खात्यात येतात. हे चांगलं झालं. लिही.

आणि राजकीय? भाग्या म्हणाली.

बोर्डावर कुठली भाषा मोठी
ह्यावर दोन्हीकडनं दगड आले,
माझी सायकल मधे होती.
एका पुढाऱ्याला किमान वेतन विचारलं,
त्यानं सीमाप्रश्नाची तारीख सांगितली.
दुसऱ्याला विचारलं,
त्यानं मला कन्नड येतंय का विचारलं.
तारीख पुढं गेली.
वेतनाची तर पडलीच नव्हती.

मराठी मला पाहिजे की, खोटं कशाला बोलू.
माझा उतारा मला वाचता यायला पाहिजे.
फक्त त्या उताऱ्यावर
जमीन पण पाहिजे ओ थोडी.

दीड पान झालं. सगळं कन्नडमध्ये,
मास्तरांना तसंच पाहिजे.
म्हटलं, वाचून दाखव, मराठीत.
तिनं दाखवलं.
बरोबर आहे, पण शिव्या कुठं गेल्या?
पप्पा, कन्नडमध्ये बसल्या नाहीत.
बसतात. महांतेश रोज बसवतोय.

हसली. मग पेन थांबवून म्हणाली,
व्हेंटला कन्नडमध्ये काय लिहू?
मी आठवून बघितलं : महांतेश काय म्हणतोय,
छपऱ्याहून आलेला तो पोरगा काय म्हणतोय,
फर्नेसच्या आवाजात ओरडून.

व्हेंटच, म्हटलं.

तिनं लिहिलं. मी वाकून बघितलं.
वळणं, वेलांट्या, आणि मधे एक बारीक गोल.
आपण तिथं भरीव टिंब देतो.
त्यांचं आतनं मोकळं असतंय.

तेवढं एक मला वाचता आलं.