सोळा इंचांवर

ऑक्टोबर सरत आला की डुलूथमध्ये
मोटारीला छप्पर द्यावंच लागतं,
नाहीतर जानेवारीच्या पहाटे ती
नुसती खोकते, उठत नाही.
गॅरेज एकाच गाडीचं, आणि आत सायकली चार,
एकमेकींच्या अंगावर रेललेल्या.
एक ओढली की तिघी येतात सोबत
कुणाचं तरी पेडल कुणाच्या तरी आऱ्यांत अडकवून.

म्हणून वर्न आज भिंतीला कान लावून उभा आहे.
बोटाच्या पेरांनी ठोकतोय : पोकळ, पोकळ, पोकळ,
मग एक ठोका भरीव.
तिथे पेन्सिलीची फुली.
आतला लाकडी खांब दर सोळा इंचांवर असतो, मार्लिस,
तो सांगतो. चाळीस वर्षं सांगतोय,
जणू मी या घरात काल आले.
पोकळ जागी हूक मारला तर एका रात्रीत
सायकल खाली, मोटारीच्या टपावर.
हे मात्र खरं. शेजारच्या डेलमारचं झालं होतं तसं,
त्याने दोष सायकलीला दिला.

आधी मोटार आत घेतली. छताला दोरीने टांगलेला
टेनिसचा चेंडू काचेला टेकला की ब्रेक.
मग मी दार उघडलं,
हिवाळ्यातल्या जाड कोटासकट उतरता येईल एवढं,
आणि त्याने जमिनीवर खडूने रेघ ओढली.
इथून पलीकडे सायकली.
एक वर, एक खाली, परत एक वर,
म्हणजे हँडलं भांडत नाहीत.

खाली त्याची.
वर ब्रिटाची, जिने टूसॉनहून कळवलंय, विकून टाका.
आम्ही दोघांनी ते वाचलं
आणि तिच्यासाठी सगळ्यात भक्कम खांब निवडला.
खाली ती छोटी, वीस इंची चाकांची.
ती कुणाची, आता दोघांनाही आठवत नाही.
बहुधा रस्त्याकडेला ‘फुकट’ अशा पाटीखाली सापडलेली.
आणि माझी वर.
खांद्याच्या ऑपरेशननंतर तुला कुठे रोज लागते,
तो म्हणाला, ड्रिलच्या आवाजात,
त्यामुळे मला ऐकू आलं नाही असं धरून चालता आलं.

काँक्रीट मोकळं झालं.
पाहुणे गेल्यावर बैठकीच्या खोलीकडे बघावं
तसे आम्ही बघत राहिलो.
आठवड्यात तिथे बर्फ उडवायचं यंत्र आलं,
मग मिठाची पोती, मग रंगाचे डबे
ज्यांच्यात रंग नाही.

एप्रिलात सरोवराचा बर्फ फुटला,
लोहखनिजाच्या पहिल्या बोटीचा भोंगा झाला,
आणि वर्न नदीच्या मुखाशी गेला, जाळं घेऊन,
स्मेल्ट मासे चढायला लागले होते.
मी मिठाच्या बादलीवर चढले.
एकवीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे,
साठ पोरं आणि उताराचा रस्ता,
पण खांदा कानाच्या वर जाईना.
सायकल तेवढी हलली. मागचं चाक
आपल्याआपण फिरलं, टिक टिक टिक,
आणि थांबलं.

खाली उतरले.
पेन्सिल त्याच्या खोक्यात होती.
माझ्या छातीइतक्या उंचीवर, त्याच दोन हुकांच्या
सरळ खाली, दोन फुल्या केल्या.
खांब सोळा इंचांवर असतो.
तो उभा असतो, छतापासून जमिनीपर्यंत,
हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला, माशांचा वास घेऊन.
फुल्या बघितल्या. माझ्याकडे नाही बघितलं.
ठोकून पाहिलं : भरीव.
शेजारी ठोकलं : भरीव.
मग ड्रिलची वायर सोडवायला लागला.

छोटी आता वर गेली आहे, वरच्या हुकांवर,
तिला उतरवायला कुणी येणार नाही.
माझी खाली.
आज सकाळी ती मी एका हाताने काढली.
दुसऱ्या हातात कॉफी होती, ती सांडली थोडी.